वेठ, बिगार आणि वेठबिगार : एका शब्दाच्या अर्थाची चिकित्सा

जुन्या मराठी कागदपत्रांचे संपादक ग्रंथाच्या शेवटीं कठीण शब्दांचा कोश जोडतात, ही प्रथा स्तुत्य आहे. परंतु त्या कोशांत कांहीं शब्दांवर अन्याय होतो, आणि वेठबेगार हा त्यांतील ठळक शब्द होय. ‘फुकट काम’, ‘सक्तीची मजुरी’, ‘बिनमोल चाकरी’ अशा दोन-तीन शब्दांत त्याची बोळवण केलेली असते. शब्द आजही चालू भाषेंत असल्यामुळें वाचकासही त्याचा अर्थ आपणांस ठाऊक आहे असें वाटतें, व तो पुढें जातो. आमच्या मतें ही ओळखच घातक आहे. अपरिचित शब्द वाचकास थांबवितो. परिचित शब्द त्यास फसवितो. सतराव्या शतकांतील सनदेंतली वेठबेगार, अठराव्या शतकांतील किल्ल्यांच्या कागदांतली वेठ, आणि १९७६ च्या कायद्यांतील वेठबिगार ह्या तीन गोष्टी एक नव्हेत. त्या एक मानल्यानें दुहेरी अनर्थ होतो. जेथें गुलामगिरी नव्हती तेथें ती दिसूं लागते, आणि जेथें सक्ति होती तेथें ती दिसेनाशी होते. ह्यांपैकीं दुसरा अनर्थ अधिक मोठा, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. वेठ हा शब्द संस्कृत विष्टि शब्दापासून आला, आणि बेगार अथवा बिगार हा फारसी आहे, एवढें सर्वमान्य आहे. मोल्सवर्थनें आपल्या कोशांत (पहिली आवृत्ति १८३१, दुसरी १८५७) ह्याच दिशेनें दोहोंचीं मुळें दाखविलीं आहेत. एक देशी व एक परकी असे समानार्थक शब्द जोडून नवा शब्द पाडण्याची आपल्या भाषेची जुनी संवय आहे. बाजारहाट, धनदौलत, रीतिरिवाज हे तसेच शब्द; वेठबेगार हाही त्याच टांकसाळींतला. परंतु जोडशब्द झाला म्हणजे दोन्ही घटक सर्वांशीं एकच होते असें सिद्ध होत नाहीं. आठवड्याचा हाट व रोजचा बाजार यांत भेद करणारा मनुष्यही बाजारहाट हा शब्द वापरतोच. म्हणून जोडशब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून नव्हे, तर प्रत्येक ठिकाणच्या उपयोगावरून ठरविला पाहिजे.

विष्टि शब्दाचा संस्कृत ग्रंथांतील संसर्ग लक्षांत घेण्यासारखा आहे. पंचांगांतील विष्टि करण, ज्यास भद्रा म्हणतात, त्याच्याशीं येथें कर्तव्य नाहीं. परंतु अमरकोशांत हा शब्द नरकवर्गांत, यातनावाचक शब्दांच्या शेजारीं बसविलेला आहे, ही गोष्ट कोशकाराच्या काळीं त्या शब्दाला कसला वास येत होता हें सांगण्यास पुरेशी आहे. उलटपक्षीं कौटिलीय अर्थशास्त्रांत विष्टि हें राज्याचें एक साधन आहे. छावणी, मार्ग, पूल, विहिरी यांची व्यवस्था, हत्यारें वाहणें, रणांतून जखमींस हलविणें हीं विष्टीचीं कामें म्हणून तेथें सांगितलीं आहेत. एकच वस्तु घेणाऱ्याच्या दृष्टीनें साधन व देणाऱ्याच्या दृष्टीनें यातना असावी, ह्यांत नवल नाहीं. नवल असेल तर हें कीं, आमचे शब्दकोश बहुधा घेणाऱ्याच्या बाजूनेंच लिहिले गेले.

आतां शिलालेख व ताम्रपट पाहूं. गिरनारच्या पायथ्याशीं असलेल्या इ. स. १५० च्या लेखांत महाक्षत्रप रुद्रदामा यानें सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हां बांधविल्याचें वर्णन आहे. आणि हें काम प्रजेस कर, विष्टि व प्रणय यांचा उपद्रव न देतां स्वतःच्या खजिन्यांतून केलें, असें त्यांत अभिमानानें नमूद केलें आहे. राजा ज्या गोष्टीचा त्याग अभिमानानें सांगतो ती गोष्ट त्या काळीं सर्रास चालत असली पाहिजे, हें उघड आहे. पुढें वऱ्हाडांतील चम्मक येथें सांपडलेल्या दुसऱ्या प्रवरसेन वाकाटकाच्या ताम्रपटांत दान दिलेलें गांव सर्व विष्टींपासून मुक्त केल्याचें वचन आहे. ह्याच्या उलट वलभीच्या मैत्रकांच्या व पुढें राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ‘सोत्पद्यमानविष्टिक’ असें विशेषण गांवास लाविलेलें आढळतें. म्हणजे जी विष्टि उत्पन्न होईल तिच्या हक्कासह तें गांव दान दिलें.

ह्या दोन वचनांतील अंतर केवळ शब्दांचें नाहीं. पहिल्यांत राजा आपला हात काढून घेतो. दुसऱ्यांत तो आपला हक्क दान घेणाऱ्याच्या हातीं देतो. पहिल्यांत गांवच्या माणसाची निदान राजाच्या वेठींतून सुटका संभवते. दुसऱ्यांत त्याचा फक्त धनी बदलतो. दोन्ही ठिकाणीं शब्द विष्टि हाच आहे. तेव्हां शब्द ओळखला एवढ्यानें अर्थ हातीं आला असें मानणारा वाचक येथें पहिल्याच पायरीवर ठेंचाळतो.

हाच घोंटाळा मराठी सनदांच्या वाचनांत अधिक प्रमाणांत होतो. सतराव्या शतकांतील इनामपत्रांत बाबींची जी लांब यादी येते, तींत पट्ट्या, भेटी, फर्मास इत्यादींच्या ओळींत वेठबेगारही येते. ती यादी पाठ म्हटल्यासारखी असल्यामुळें संपादक तिच्याकडे फारसें लक्ष देत नाहींत, आणि ‘सर्व करांसह इनाम’ किंवा ‘सर्व कर माफ’ असा एक सारांश शिरोभागीं घालून मोकळे होतात. परंतु ‘सह’ आणि ‘माफ’ हे शब्द परस्परविरोधी आहेत. समजा, एखाद्या वतनदारास त्याच्या स्वतःच्या चावरभर जमिनीबद्दल कागद मिळाला आहे, व त्यांत वेठबेगारीचा उल्लेख आहे. तेथें अर्थ असा कीं, ह्या जमिनीबद्दल त्याच्या घरच्या माणसांस वेठीस बोलावूं नये. आतां समजा, तीच यादी एखाद्या मठास अथवा सरदारास सबंध गांव इनाम देणाऱ्या कागदांत आली. तेथें गांव म्हणजे केवळ शिवार नव्हे. त्यांत माणसें आहेत, आणि त्यांच्या मेहनतीवरचा सरकारचा हक्क इनामदाराकडे गेला असा अर्थ संभवतो. तिसरा प्रकार म्हणजे ठाण्याच्या अगर महालाच्या अंमलदारास उद्देशून लिहिलेलें ताकीदपत्र: अमक्या गांवास वेठीचा तगादा न लावणें. तेथें हक्क सोडलेला नसतो, फक्त एका कामगारास आवरलेलें असतें. तिन्ही कागदांखालीं ‘वेठबेगार = फुकट काम’ अशी एकच टीप छापली, तर ती टीप असून नसल्यासारखी आहे.

आतां वेठीचें स्वरूप काय होतें तें पाहूं. पेशवाईंतील कागदांवरून दोन प्रकार स्पष्ट वेगळे दिसतात. पहिल्यांत गांवांवर कामाची आंखणी असते. किल्ल्याच्या आसपासच्या गांवांनीं अमुक माणसें अमुक दिवस द्यावीं, गवत कापावें, लाकूडफांटा गडावर चढवावा, घरें शाकारण्यास मदत करावी, असा हा बोजा असे. पाळी ठरलेली असे. कांहीं वर्गांस सूट असे. आणि पुष्कळ वेळां कामाऐवजीं रोख ऐवज घेतला जाई. जी गोष्ट रोख पैशांत बदलतां येते ती स्वभावतः कराच्या जातीची होय. दुसऱ्या प्रकारांत आंखणी नाहीं, पाळी नाहीं, दिवस नाहीं. अंमलदार किंवा शिपाई वाटेनें निघाला, ओझें जड झालें, शेतांत माणूस दिसला, त्यास धरलें व ओझें त्याच्या डोकीवर दिलें. हा कर नव्हे, ही धरपकड. सोयीसाठीं आम्ही पहिलीस नेमणुकीची वेठ व दुसरीस धरपकडीची वेठ म्हणतों. मात्र कागद लिहिणारे कारकून हा भेद शब्दानें पाळीत नाहींत. वेठ, बेगार, वेठबेगार हे तिन्ही शब्द दोन्ही प्रकारांस लावलेले आढळतात. म्हणून भेद शब्दांत शोधूं नये, मजकुरांत शोधावा.

ह्या विषयावर जपानी पंडित हिरोशी फुकाझावा यांनीं अठराव्या शतकांतील मराठी राज्यांतील वेठबेगारीवर लिहिलेलें टिपण प्रत्येक अभ्यासकानें वाचण्यासारखें आहे. तें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मध्ययुगीन दख्खनविषयक लेखसंग्रहांत आतां सुलभ झालें आहे. छापील पेशवेकालीन निवडींतील विखुरलेले उल्लेख एकत्र करून त्यांनीं ह्या बोजाकडे एक राज्यपद्धति म्हणून पाहिलें, हा त्यांचा मोठा उपकार होय. आमचा आक्षेप त्यांच्या साधनांस नाहीं. मथळ्यांतील ‘कोर्वे’ ह्या फ्रेंच पारिभाषिक शब्दास आहे. फ्रान्सांत त्या नांवाची राजमार्गांची वेठ होती. तिच्यावर मंत्री त्युर्गो यानें १७७६ सालीं हुकूम काढून ती बंद करण्याचा प्रयत्न केला, व ती अखेर राज्यक्रांतींत लयास गेली. त्या शब्दाबरोबर नेमलेले दिवस, नेमलेला रस्ता व नेमलेला धनी हें चित्र आपोआप येतें. आपल्याकडील नेमणुकीच्या वेठीस तें बरेंचसें लागू पडतें. धरपकडीच्या वेठीस तें मुळींच लागू पडत नाहीं. परकी परिभाषा घेतली कीं तिच्या सांच्यांत न बसणारा भाग कडेला पडतो, आणि येथें कडेला पडणारा भाग म्हणजेच रयतेच्या तक्रारीचा गाभा.

ह्या भेदाचें महत्त्व एका प्रसिद्ध प्रसंगावरून पटेल. ग्रँट डफ यानें आपल्या १८२६ च्या इतिहासांत थोरल्या माधवराव पेशव्यांच्या (कारकीर्द १७६१–१७७२) राज्यकारभाराचें वर्णन करितांना, गांवकऱ्यांस ओझीं वाहण्यास धरण्याची चाल त्यांनीं बंद केली असें लिहिलें आहे. वसईचा सुभेदार विसाजीपंत यानें मोलाचा माल अशा धरलेल्या माणसांच्या डोकीवरून नेल्याची बातमी पेशव्यांस लागतांच त्यांनीं तो माल जप्त केला. ज्यांस शेतकामावरून अन्यायानें ओढून नेलें होतें त्यांस भरपाई दिली, आणि पुन्हां नवे हुकूम काढले. पेशव्यांची बातमी राखण्याची रीत ठाऊक असल्यामुळें ते हुकूम मोडण्याची कोणाची छाती झाली नाहीं, असेंही डफ म्हणतो. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं डफच्या ग्रंथावर परखड टीका करून पुण्यांत जी परंपरा सुरू केली, तिला अनुसरून हें विधानही तपासून पाहिलें पाहिजे.

प्रसंग खरा नव्हे असें आमचें म्हणणें नाहीं. माधवरावांच्या स्वभावाशीं तो जुळतो, आणि त्यांतील न्यायबुद्धि खरोखर वंदनीय आहे. नुसता दंड न करितां ज्याचा दिवस बुडाला त्यास त्याचा मोबदला देणें, ही गोष्ट त्या काळच्या कोणत्याही राजवटींत भूषणावह ठरली असती. परंतु ह्यावरून पुढील लेखकांनीं ‘माधवरावांनीं वेठबिगार नाहींशी केली’ असें सरसकट विधान केलें, तें मात्र टिकत नाहीं. बंद झाली ती धरपकडीची वेठ, आणि तीही अंमलदाराच्या खासगी मालासाठीं केलेली. किल्ल्यांसाठीं गांवांवर आंखलेली नेमणुकीची वेठ त्या कारकीर्दींत व पुढेंही चालू होती. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींत, आणि त्यांवरून सुरेंद्रनाथ सेन यांनीं मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर लिहिलेल्या १९२३ च्या ग्रंथांत, ह्या बोजाची सांवली दिसते. तेव्हां माधवरावांच्या हुकुमाचा अर्थ असा करावा लागतो: रयतेची मेहनत ही सरकारची बाब आहे, सुभेदाराची नव्हे, आणि ज्याला हक्क नाहीं त्यानें ती घेतली तर ती चोरी. हा अर्थ लहान नाहीं. किंबहुना, वेठ ही कराप्रमाणें सरकारी बाब मानली जात होती ह्याचा तो उत्तम पुरावा आहे. मात्र करमाफी व चोरबंदी ह्या दोन गोष्टी निराळ्या, हें विसरतां कामा नये.

दुसरा एक रूढ समज असा कीं, जेथें मोबदला दिला तेथें वेठ नाहीं. ‘फुकट’ ह्या शब्दानें हा समज पक्का केला आहे. वस्तुतः वेठकऱ्यास कधीं शिधा मिळे, कधीं किंचित् पैसा मिळे, कधीं कांहींच मिळत नसे. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशांत बेगार ह्या शब्दाखालीं प्रांतभेद दाखविले आहेत, त्यांत कानडी मुलुखांतील एक विशेष उपयोग दिला आहे. तेथें गांवचीं हलकीं कामें पैशाचा मोबदला न घेतां, पण धान्य किंवा जमीन घेऊन, जो करी त्याच्या चाकरीस तो शब्द लावीत. म्हणजे मोबदला आहे, तरी नांव बेगार. ह्याच्या उलट आजच्या पुण्यांत सकाळीं मजूर अड्ड्यावर उभा राहणारा आणि गवंड्याच्या हाताखालीं रोजंदारीनें काम करणारा मनुष्य बिगारी म्हणवितो. तो दर ठरवितो, न पटल्यास जात नाहीं. नांव बिगारी, पण कायद्याच्या दृष्टीनें बिगार नाहीं. नांव राहिलें आणि वस्तु बदलली, किंवा वस्तु राहिली आणि नांव बदललें, असे दोन्ही प्रकार भाषेंत घडतात. इतिहासकारानें वस्तूच्या मागें जावें, नांवाच्या नव्हे.

वेठीची खूण मोबदल्याच्या अभावांत नसून नकाराच्या अभावांत आहे, हें इंग्रजी अमलांतील कायद्यानेंही मान्य केलें होतें. १८६० च्या दंडसंहितेच्या ३७४ व्या कलमांत एखाद्याकडून त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा काम करून घेणें हा गुन्हा ठरविला होता. तेथें कसोटी इच्छेची आहे, मजुरीची नाहीं. परंतु त्याच कलमांतील ‘बेकायदा’ ह्या एका शब्दानें मोठी वाट मोकळी राहिली. जी सक्ति कायद्यानेंच मान्य केली ती गुन्हा होत नव्हती. आणि मुंबई इलाख्यांत वंशपरंपरागत वतनांसंबंधीं १८७४ सालीं झालेल्या कायद्यानें महार वतनदारांच्या चाकरीस तशी मान्यता दिली होती.

येथें आम्ही मुख्य मुद्द्यावर आलों. महारांच्या गांवचाकरीस जुन्या कागदांत बहुधा वेठ म्हणत नाहींत. तिला वतन म्हणतात, हक्क म्हणतात, राबता म्हणतात. पाळीवर असलेला तो राबता महार. हाडकी-हाडोळ्याची जमीन आणि बलुतें हा तिचा मोबदला. सरकारी निरोप व ऐवज पोंचविणें, शींवेची साक्ष, वाटसरूस वाट दाखविणें हीं वतनाचीं कामें होतीं हें खरें, आणि त्या कामांत प्रतिष्ठेचाही अंश होता. परंतु अंमलदाराचें ओझें, त्याच्या घोड्याचें गवत, त्याच्या चुलीचें सरपण हींही त्याच नांवाखालीं घेतलीं जात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गांव-गाडा’ ग्रंथांत खेड्यांतील ही व्यवस्था जवळून पाहिलेल्या मनुष्याच्या नजरेनें उतरली आहे. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत १८७४ च्या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आणलें, तें ह्याच चाकरीस मर्यादा व योग्य मोबदला लावून देण्यासाठीं. पण तें मंजूर झालें नाहीं. हीं कनिष्ठ गांववतनें कायद्यानें नष्ट झालीं तीं १९५८ च्या अधिनियमानें. म्हणजे वेठ नष्ट झाल्याचें श्रेय १७७२ पूर्वींच्या एका सुभेदाराच्या गोष्टीस देणारे लेखक जवळजवळ दोन शतकें आधींच पुस्तक मिटतात. कारण पुढील पानांवर वेठ हा शब्द नाहीं, वतन हा शब्द आहे. शब्दाच्या अनुपस्थितीनें वस्तु कशी अदृश्य होते, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

ह्याच काळांत उत्तर कोंकणांत वेठ हा शब्द तिसऱ्याच वस्तूस लागला होता. ठाणें जिल्ह्यांतील तलासरी, डहाणू, उंबरगांव ह्या भागांत वारली लोक जमीनदाराच्या शेतावर जें सक्तीचें काम करीत त्यास वेठ म्हणत. लग्नासाठीं कर्ज काढून तें फेडण्यासाठीं धन्याकडे बांधला गेलेला मनुष्य लग्नगडी म्हणवी. येथें सरकार नाहीं, गांववार आंखणी नाहीं, पाळी नाहीं. आहे तें खासगी कर्ज, आणि तें संपूं न देणारा धनी. १९४५ च्या वारल्यांच्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकांत सांगितली आहे. वेठ व लग्नगडी ह्या चाली मोडणें हें त्या लढ्याचें मुख्य काम होतें. पुढें केंद्र सरकारनें १९७५ च्या वटहुकुमानें व १९७६ च्या कायद्यानें कर्जापोटीं बांधून घेण्याची पद्धत रद्द केली, तेव्हां मराठींत तिच्यासाठीं वेठबिगार हाच शब्द रूढ झाला. तेव्हांपासून ह्या शब्दाचा पहिला अर्थ कर्जाचा बंधक असा झाला आहे, आणि तरुण अभ्यासक पेशवाईंतल्या कागदांत तोच अर्थ वाचूं लागले आहेत. पेशवाईंत विकत घेतलेल्या कुणबिणी होत्या, त्या सरकारी कोठ्यांत व खासगी घरांत राबत; ती गुलामगिरी होय. कर्जापोटीं राबणारे लोक होते. तें बंधन होय. किल्ल्यावर आठ दिवस गवत वाहून घरीं परतणारा कुणबी ह्या दोहोंहून निराळा. त्यास गुलाम म्हटल्यानें त्याचें दुःख वाढत नाहीं; मात्र खऱ्या कुणबिणीचें दुःख त्या गर्दींत हरवतें.

भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदानें ह्या बाबतींत फार सावध भाषा वापरली आहे. इंग्रजी मसुद्यांत परकी प्रतिशब्द न शोधतां बेगार हा आपलाच शब्द ठेवून, ती व तिच्यासारख्या इतर सक्तीच्या मजुरीच्या रीति निषिद्ध केल्या आहेत. परंतु सार्वजनिक कामासाठीं राज्यास सक्तीची सेवा लावतां येईल, मात्र तींत धर्म, वंश, जात वा वर्ग ह्यांवरून भेद करतां येणार नाहीं, असें दुसऱ्या खंडांत म्हटलें आहे. जुन्या वेठीचा खरा दोष ह्यांत नेमका पकडला आहे. जुनी वेठ सर्वांवर सारखी नव्हती. सनद असलेला सुटे, आणि सुटलेल्याचा वांटा न सुटलेल्यावर पडे. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लींतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांसंबंधींच्या खटल्यांत, किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेलें कामही ह्या अनुच्छेदाखालीं सक्तीचें ठरतें, कारण भूक व दारिद्र्य हीही सक्तीच, असा निर्णय दिला. ‘फुकट’ ह्या टीपेस ह्याहून स्पष्ट उत्तर नको.

शब्दाचा एक शेवटचा प्रवास सांगितला पाहिजे. आजच्या वृत्तपत्रांत ‘वेठीस धरणें’ हा प्रयोग अडवून ठेवणें ह्या अर्थीं येतो. आणि तो बहुधा संपावर गेलेल्या कामकऱ्यांस लाविला जातो: त्यांनीं प्रवाशांस वेठीस धरलें, शहरास वेठीस धरलें. ज्या शब्दानें बलवानानें दुर्बळाचें काम हिसकावून घेणें दाखविलें जाई, तोच शब्द आतां काम देण्याचें नाकारणाऱ्यावर फिरविला गेला आहे. भाषेस कोणी नियम घालूं शकत नाहीं. पण निदान जुने कागद वाचणाऱ्यानें हा नवा अर्थ उंबऱ्याबाहेर ठेवावा.

आतां संग्राहकांस दोन शब्द. वेठीविषयींचे बहुतेक कागद आपणांस मिळतात ते सुटकेचे कागद आहेत. ज्यास माफी मिळाली त्यानें सनद रेशमी रुमालांत बांधून सात पिढ्या जपली. ज्यानें वेठ वाहिली त्यास जपण्यासारखा कागदच मिळाला नाहीं. ज्याच्या नांवाची सनद त्याची सुटका. ज्याच्या अंगची मेहनत त्याचें नांव नाहीं. म्हणून केवळ सनदांवरून लिहिलेला वेठीचा इतिहास हा सुटलेल्यांचा इतिहास होय. वाहणाऱ्यांचा मागोवा लागेल तो गांवच्या ताळेबंदांत, किल्ल्यांच्या खर्चाच्या यादींत, कमाविसदाराच्या हिशेबांत, एखाद्या अर्जाच्या पाठीवरील दोन ओळींत. जुन्या वाड्यांतून दप्तरें बाहेर निघतात तेव्हां शिक्क्याचा कागद निवडून घेतला जातो, आणि मोडींतले हिशेबाचे बंद रद्दींत जातात. आमची विनंति अशी कीं, ते बंद आधीं उचलावे. पुण्यांतील पेशवे दप्तरांत असे रुमाल अद्याप पुष्कळ आहेत. खासगी घरांतलीं दप्तरें मात्र प्रत्येक पावसाळ्यास कमी होत आहेत.

आणि संपादकांस एवढेंच सांगावयाचें कीं, वेठबेगार हा शब्द भेटेल तेथें एका शब्दाची टीप देऊं नये. कोणी घेतली, कोणाकडून घेतली, कोणाच्या कामासाठीं घेतली, आणि नाहीं म्हणण्याची सोय होती कीं नाहीं, ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें मजकुरांतून मिळत असतील तर तीं द्यावीं. मिळत नसतील तर तसें लिहावें. जेथें हा शब्द नाहीं पण राबता, चाकरी, हक्क असे सोज्वळ शब्द आहेत, तेथेंही हेच चार प्रश्न विचारावे. तेवढें झालें तरी ज्यांच्या नांवाचा कागद कोणीं केला नाहीं अशा माणसांची नोंद निदान आमच्या टीपांत राहील.